पाणी कोण अडवते? : तांब्याच्या नळजोडणीवरील पुस्तकाची प्रस्तावना

तांब्याची नळी सहसा गळत नाही. गळतो तो सांधा. कारखान्यात अखंड ओढून काढलेली नळी भिंतीआड किंवा फरशीखाली वर्षानुवर्षे तक्रार न करता राहते. पण जिथे ती कापली, वळणावर एल्बो बसवला, फाट्यावर टी आली, नळाशी किंवा गीझरशी तिची गाठ पडली, तिथे माणसाचा हात लागला आणि पाणी पहिल्यांदा तिथेच वाट शोधते. सेकंदाला एक थेंब एवढीच गळती असली तरी दिवसाला वीस लिटरच्या आसपास पाणी जाते. सांधा उघड्यावर असेल तर ते दिसते, कुणीतरी पाना घेऊन येते. भिंतीत असेल तर आधी रंगाला फुगे येतात, मग प्लास्टर सुटते आणि खालच्या मजल्यावरचे शेजारी तक्रार घेऊन वर येतात, तोवर काम फोडाफोडीवर गेलेले असते.

या पुस्तकाच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: समोरच्या सांध्यात पाणी नेमके कोण अडवते? गळती शोधताना आणि ती होऊ नये म्हणून काम करताना याहून उपयोगी प्रश्न मला माहीत नाही. सोल्डर केलेल्या सांध्यात नळी आणि फिटिंग यांच्यामधल्या केसभर फटीत शिरलेला कथलाचा थर पाणी अडवतो. कॉम्प्रेशन फिटिंगमध्ये नटाखाली दाबली गेलेली पितळी किंवा तांब्याची कडी, म्हणजे ऑलिव्ह, ते काम करते. प्रेस फिटिंगमध्ये रबराची ओ-रिंग. निमुळत्या आट्यांच्या जोडात आट्यांमध्ये दबलेले सूत किंवा टेफ्लॉन टेप. उत्तर बदलले की कामाची रीत बदलते, आणि बहुतेक फसलेल्या दुरुस्त्या एका जोडाचे उत्तर दुसऱ्या जोडाला लावल्याने फसतात.

एक उदाहरण इथेच देतो. आपल्याकडचा जुना, जाणता प्लंबर गॅल्वनाइज्ड पाइपवर तयार झालेला असतो. आट्यांवर सूत गुंडाळायचे, सफेदा लावायचा, पान्याने आवळायचे, गळले तर आणखी आवळायचे, हे त्याच्या हातात पक्के बसलेले. तोच हात कॉम्प्रेशन फिटिंगवर आला की तो नटाच्या आट्यांवर टेप गुंडाळतो. पण तिथले आटे पाणी अडवतच नाहीत. कडीला दाबणे एवढेच त्यांचे काम. टेपमुळे नट घट्ट लागल्याचा भास होतो, कडी मात्र पुरेशी दबलेली नसते. थेंब दिसला की तो आणखी जोर लावतो. आता कडी वेडीवाकडी होते, नळी आत चेपते, आणि सुधारता आला असता तो सांधा कापून टाकण्याखेरीज मार्ग उरत नाही. वास्तविक पंधरा मिलिमीटरच्या नळीला, नट हाताने घट्ट झाल्यावर, पान्याचा साधारण एक फेरा पुरतो. नळी काटकोनात कापलेली हवी, टोक गोल हवे, त्यावर ओरखडा नको, आणि नळी फिटिंगच्या आतल्या टेकूपर्यंत गेलेली हवी. एवढे असेल तर त्या एका फेऱ्यात काम होते.

तांब्यातून पाणी नेण्याची कल्पना फार जुनी. इजिप्तमध्ये अबुसिर येथे सहुरे राजाच्या पिरॅमिडच्या मंदिरात सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची, पाण्याचा निचरा करणारी तांब्याची नळी सापडली. लुडविग बोर्खार्ट या जर्मन संशोधकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे उत्खनन करून ती उजेडात आणली. तांब्याचा पत्रा ठोकून, वळवून ती केलेली होती आणि दगडात कोरलेल्या पन्हळीत बसवलेली होती. तिला दाब सोसायचा नव्हता, उताराने पाणी वाहून न्यायचे होते, म्हणून तेवढ्यावर भागले. रोमनांनी पाण्यासाठी शिसे निवडले. ते मऊ, वाकवायला सोपे आणि जोडायला त्याहून सोपे. मातीच्या नळांतले पाणी शिशाच्या नळांपेक्षा आरोग्याला बरे, असे व्हिट्रुव्हियस या त्यांच्याच वास्तुकाराने लिहून ठेवले होते, तरी युरोपातल्या घरांत शिसे विसाव्या शतकापर्यंत टिकले. लंडनच्या प्लंबरांच्या संघाची नियमावली १३६५ सालची आहे, आणि त्या माणसांची विद्या प्रामुख्याने शिशाची होती. दोन नळ्यांच्या सांध्यावर ते दोन भाग शिसे आणि एक भाग कथील असा मिश्रधातू ओतत, तो धड पातळ नाही धड घट्ट नाही अशा अवस्थेत असताना जाड कापडाच्या घडीने पुसून त्याला लांबट, फुगीर आकार देत. त्या सांध्याची ताकद त्याच्या जाडीत होती आणि कारागिराची ओळख त्या आकारात.

विसाव्या शतकात, विशेषतः १९३०च्या दशकापासून, पातळ भिंतीची तांब्याची नळी अमेरिका आणि ब्रिटनमधल्या घरांत शिरली आणि हा विचार पार बदलला. एवढ्या पातळ भिंतीवर आटे पाडता येत नाहीत. वरून धातूचा गोळा बसवणेही परवडत नाही. तेव्हा नळी बेताच्या मापाच्या फिटिंगमध्ये सरकवायची आणि मधली फट भरायची, ही रीत पुढे आली. ही फट एक दशांश मिलिमीटरच्या आसपास असते. एवढ्या अरुंद जागेत वितळलेले कथील केशाकर्षणाने आपोआप ओढले जाते, नळी उभी असली तर वरच्या दिशेनेसुद्धा. फट मोठी झाली की ती ओढ संपते. म्हणून या पद्धतीत मापाला फार महत्त्व आले. अमेरिकेत अर्धा इंच म्हणून विकल्या जाणाऱ्या नळीचा बाहेरचा व्यास प्रत्यक्षात पाच-अष्टमांश इंच असतो. ब्रिटनमध्ये १५, २२, २८ मिलिमीटर ही मापे थेट बाहेरच्या व्यासाची. तिथल्या जुन्या घरातल्या पाऊण इंची नळीवर २२ मिलिमीटरचे फिटिंग जवळपास बसल्यासारखे वाटते, पण फट चुकलेली असते. तिथे जोडमापाचे खास फिटिंग लावावे लागते.

मराठी वाचकाला ही विद्या परकी वाटण्याचे कारण नाही. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आजही आहे, आणि कल्हईवाल्याला काम करताना ज्यांनी पाहिले आहे त्यांनी सोल्डरिंगचे सगळे रसायन पाहिलेले आहे. भांडे घासून लख्ख करायचे, भात्याच्या जाळावर तापवायचे, नवसागराची पूड टाकायची, पांढरा धूर उठतो, कथलाची कांडी टेकवताच कथील चमकत पसरते आणि कापसाच्या बोळ्याने ते सारखे करायचे. नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, तापल्यावर तांब्यावरचा ऑक्साइडचा थर काढून टाकतो, आणि कथील धरते ते उघड्या तांब्यालाच. आजच्या प्लंबिंगच्या फ्लक्समध्ये झिंक क्लोराइडच्या जोडीला बहुधा हाच नवसागर असतो. बंबाचेही तसेच. पाणी भरल्याशिवाय बंब पेटवू नये, ही घरोघरची ताकीद होती. आत पाणी असेपर्यंत पत्रा शंभर अंशांच्या फार वर जात नाही आणि दोनशेच्या आसपास वितळणारा डाग शाबूत राहतो. पाणी नसेल तर डाग सुटतो. हाच नियम उलट बाजूने प्लंबरला छळतो. नळीत चमचाभर पाणी उरले असेल तर टॉर्च कितीही वेळ धरा, सांधा कथील वितळण्याइतका तापत नाही. मुख्य चावी पूर्ण बंद होत नसेल आणि पाणी झिरपत येत असेल, तर ब्रिटन-अमेरिकेतले प्लंबर पांढऱ्या ब्रेडचा बोळा नळीत कोंबून ते रोखून धरत. काम झाल्यावर नळ सोडला की ब्रेड विरघळून निघून जाई.

एक सांधा जवळून पाहू. कटर नळीभोवती फिरवताना दर फेऱ्याला थोडाच आवळायचा, नाहीतर टोक आत दबते. कापल्यावर आतल्या बाजूला धारदार कडा उरते, ती रीमरने काढायची. नळीचे टोक आणि फिटिंगची आतली बाजू बारीक पॉलिश पेपरने किंवा ब्रशने चमकेपर्यंत घासायची, आणि घासल्यावर बोट लावायचे नाही, कारण बोटाचे तेल कथलाला पुरेसा अडथळा आहे. फ्लक्सचा पातळ हात द्यायचा. नळी टेकेपर्यंत आत सारून थोडी फिरवायची म्हणजे फ्लक्स सगळीकडे लागतो, बाहेर आलेला पुसून टाकायचा. ज्योत आधी नळीवर, मग फिटिंगवर. कथलाच्या तारेवर मुळीच नाही. फ्लक्स उकळून शांत झाला की ज्योत बाजूला घेऊन तार ज्योतीच्या विरुद्ध बाजूला टेकवायची. तापमान बरोबर असेल तर तांबेच तिला वितळवते आणि कथील उष्णतेच्या दिशेने आत ओढले जाते. पंधरा मिलिमीटरच्या सांध्याला साधारण नळीच्या व्यासाएवढी तार पुरते. त्याहून जास्त घातलेली बाहेर ओघळते किंवा आत जाऊन थेंब होऊन बसते. मग सांधा निवेपर्यंत हलवायचा नाही. निवताना हललेल्या सांध्यात कथलाच्या थराला तडे जातात, ते बाहेरून दिसत नाहीत आणि त्याच तड्यांतून पाणी येते.

यात ज्योतीचा वेळ मिनिटभराचा. बाकी सगळे तयारीचे. गळणाऱ्या सांध्यावर पुन्हा टॉर्च धरून वरून कथील ओतणारे हात मी खूप पाहिले आहेत. तो थर बाहेर बसतो आणि फट तशीच राहते. योग्य उपाय म्हणजे पाणी काढून टाकणे, सांधा सोडवणे, साफ करणे आणि नव्याने भरणे. वेळ लागतो, पण हा एकच उपाय टिकतो.

या पद्धतीच्या इतिहासातले सर्वांत मोठे वळण शिशाचे. अर्धे कथील, अर्धे शिसे हे सोल्डर १८३ अंशांना वितळू लागे आणि पुढे तीसेक अंश अर्धवट वितळलेले राही, त्यामुळे थोड्या चुकीला ते सांभाळून घेई. पण त्यातले शिसे पिण्याच्या पाण्यात उतरते. अमेरिकेने १९८६ साली पिण्याच्या पाण्याच्या कामात शिशाचे सोल्डर बंद केले, सोल्डरमध्ये ०.२ टक्क्यांपेक्षा जास्त शिसे नको असा नियम केला. ब्रिटनमध्ये पुढच्याच वर्षी तशी बंदी आली. त्यानंतर आलेले कथील-अँटिमनीचे सोल्डर २३२ ते २४० अंशांच्या दरम्यान वितळते. उष्णता जास्त लागते आणि मधली मुभा थोडी, त्यामुळे सफाईत केलेली कसर आता लगेच दिसते. नियम बदलले तरी जुन्या घरांतले सांधे बदलत नाहीत. मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहरात २०१४ साली पाण्याचा स्रोत बदलला आणि गंज रोखणारी प्रक्रिया झाली नाही, तेव्हा शिशाचे जुने जोडनळ आणि घरांतली जुनी जोडणी यांतले शिसे नळाच्या पाण्यात आले. बंदीपूर्वीच्या घरात राहणाऱ्यांनी आपल्या सांध्यांचे वय जाणून घ्यावे, एवढ्यासाठी एक प्रकरण राखून ठेवले आहे.

बाकीच्या घराण्यांबद्दल थोडक्यात. ब्रेझिंग म्हणजे ४५० अंशांच्या वर वितळणाऱ्या धातूने केलेला जोड. तांबे-फॉस्फरसची कांडी तांब्याला तांबे जोडताना फ्लक्सशिवायही चालते, कारण फॉस्फरसच ऑक्साइड काढून टाकतो. रुग्णालयांतल्या ऑक्सिजनच्या नळ्या अशाच जोडतात, आणि जोडताना आतून नायट्रोजन सोडतात, म्हणजे आत काजळीसारखी पूड धरत नाही. एवढ्या उष्णतेने नळी मऊ पडते, हे मात्र लक्षात ठेवावे लागते. फ्लेअर जोडात नळीचे मऊ टोक फनेलसारखे रुंद करून धातूवर धातू दाबतात. एसीच्या कामामुळे हा आपल्याकडे सर्वांत ओळखीचा, आणि टोक तिरके किंवा तडकलेले राहिल्याने सर्वांत जास्त बिघडणाराही. प्रेस फिटिंग १९९०च्या दशकात युरोपात रुजले. ज्योत नाही, धूर नाही, आगीची भीती नाही. यंत्राने फिटिंग दाबले की सांधा तयार. काही कंपन्यांची फिटिंगे मुद्दाम अशी घडवलेली असतात की दाबायचे राहून गेले तर चाचणीच्या वेळी ती उघडपणे गळतात. मोठ्या इमारतीत आणि चालू रुग्णालयात हीच पद्धत वापरावी असे माझे मत आहे. पण नळीच्या टोकाची धारदार कडा काढली नाही तर ती आत जाताना ओ-रिंग चिरते, आणि चिरलेली ओ-रिंग महिन्यांनी गळते. हाताने ढकलून बसवायच्या फिटिंगांनाही हेच लागू. तातडीच्या दुरुस्तीला ती उत्तम, भिंतीत गाडायला मी ती सुचवणार नाही. कॉम्प्रेशनचा जोडही जिथे पाना पोहोचेल तिथेच असावा.

काही गळत्या चाचणीत येत नाहीत, वर्षांनी येतात, आणि या पुस्तकाचा मोठा भाग त्यांना दिला आहे. आत राहिलेल्या त्या धारदार कडेमागे पाणी भोवरा घेते, आणि वेग जास्त असेल तर फिटिंगच्या पुढच्या इंचभर भागात तांबे झिजते. म्हणून गरम पाण्याचा वेग सेकंदाला दीड मीटरच्या आत ठेवावा असे सांगतात. न धुतलेला फ्लक्स आत राहून तांबे खात राहतो. दहा मीटर नळी पन्नास अंशांनी तापली की साडेआठ मिलिमीटर लांबते. तिला सरकायला जागा नसेल तर तो ताण एखाद्या एल्बोवर येतो. तांबे थेट गॅल्वनाइज्ड लोखंडाला जोडले तर लोखंड लवकर गंजते, मध्ये पितळ किंवा विद्युतरोधक जोड घालावा लागतो. अशा गळतीचा दोष सहसा पाण्याला किंवा नळीच्या प्रतीला दिला जातो. मुळात तो जोडणीच्या दिवशीच आलेला असतो.

मग मराठीत हे पुस्तक आताच का? आपल्या घरांत पिण्याच्या पाण्याला तांब्याची नळी कमीच आढळते. सीपीव्हीसी स्वस्त आहे, डिंकाने जोडता येते, आणि सामान्य फ्लॅटला ती योग्यही आहे. पण सौर बंबाच्या पॅनेलमधल्या नळ्या, एसी, रुग्णालयातला प्राणवायू, मोठी हॉटेले, कित्येक घरांतला पाइपचा गॅस, इथे तांबेच आहे. भारतीय मानक ब्युरोने प्लंबिंगच्या तांब्याच्या नळ्यांसाठी आयएस १४८१० हे मानकही केले आहे. शिवाय परदेशात घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांच्या भिंतींत तांबे असते, आणि तिथे प्लंबरची एक खेप महाग पडते. देशात या धंद्यात ओडिशाच्या केंद्रपाडा भागातल्या कारागिरांचे नाव मोठे आहे, तिथे पट्टामुंडाईला प्लंबिंगची सरकारी संस्थाही आहे. आपल्या आयटीआयमधली मुलेही हुशार आहेत, पण त्यांच्या हातात तांब्याच्या जोडणीवर मराठीतले नीट पुस्तक नाही. कुणाच्या तरी हाताखाली जे दिसले तेवढेच ती शिकतात, आणि शिकवणाऱ्याच्या चुकाही शिकतात. ही उणीव भरून काढावी असे मला मनापासून वाटते.

म्हणून हे पुस्तक पद्धतींची यादी देत नाही. प्रत्येक जोडाचा आडवा-उभा छेद आधी दाखवला आहे, पाणी कुठे अडते त्या जागेवर बोट ठेवले आहे, आणि मग हातांचे काम सांगितले आहे. भाषा कारखान्यात आणि कामाच्या जागेवर चालते तीच ठेवली आहे: एल्बो, टी, कटर, फ्लक्स, ओ-रिंग, उगाच नवे शब्द घडवलेले नाहीत. गॅस आणि प्राणवायूच्या जोडणीचे फक्त तत्त्व सांगितले आहे, कारण ते काम परवानाधारकांनीच करायचे आहे आणि पुस्तक वाचून कुणी ते करू नये. दाबाच्या चाचणीला मात्र जागा देताना हात आखडता घेतलेला नाही. नेहमीच्या कमाल दाबाच्या दीडपट दाब देऊन तासभर मापकाचा काटा हलत नाही हे पाहिल्याशिवाय भिंत बंद करू नये, हे घरमालकालाही माहीत असायला हवे, म्हणजे तो तसे मागू शकेल.

वाचकांना एक विनंती. पुस्तक घेऊन बसण्याआधी हातभर भंगार नळी आणि चार-पाच कपलिंग आणा, उघड्या हवेत, चष्मा लावून, ओला फडका आणि पाण्याची बादली जवळ ठेवून काही सांधे करा, आणि निवल्यावर करवतीने उभे चिरून पाहा. कथील कुठवर पोहोचले, कुठे पोकळी राहिली, हे तिथे स्पष्ट दिसते. त्यानंतर ज्या प्रकरणात तुमच्या चुकीचे कारण असेल, तिथूनच वाचायला सुरुवात करा.